ओढ्याकाठची दीडशे फूट भिंत: रंगापलीकडच्या खर्चाचं एक प्रकरण

पुण्यातला आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा येत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याचं पाणी काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरलं, माणसं गेली. ज्यांनी ती रात्र काढली त्यांना पाणी कुठवर आलं होतं ते विटेगणिक आठवतं. पण त्यानंतर भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबांना समोरून वाहतो तो ओढा आहे हेच ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी तो नाला, आणि नाल्यात पिशवी टाकायला कुणाला काही वाटत नाही.

या काठच्या एका नागरिक गटाने ओढ्याच्या संरक्षक भिंतीवर ओढ्याचं चित्र काढायचं ठरवलं. भिंत दीडशे फूट लांब, रस्त्याकडून सात फूट उंच, म्हणजे १,०५० चौरस फूट. ही जागा आणि नियम खरे आहेत. गट, सोसायट्या, कंपनी यांची नावं दिलेली नाहीत, कारण हे प्रकरण अशा कामांत हमखास येणाऱ्या अडचणी एका ठिकाणी बांधून उभं केलं आहे. रुपयांचे आकडे अंदाजपत्रक कसं बसतं ते दाखवण्यापुरते आहेत. आपल्या भागातले दर विचारूनच आपले आकडे लिहावेत.

पहिलं अंदाजपत्रक आणि त्यातली चूक

गटाने पहिल्यांदा मांडलेला खर्च दोन लाख दहा हजारांचा होता. भिंतीची धुलाई, खरवड आणि डागडुजी ४२,०००, रंग आणि साहित्य ३८,०००, मुख्य चित्रकाराचं मानधन १,२०,००० आणि उद्घाटनाला १०,०००. बहुतेक गट असंच लिहितात, कारण डोळ्यांसमोर पूर्ण झालेली भिंत असते. भिंतीच्या आधीचे चार महिने आणि नंतरची तीन वर्षं त्यात कुठेच नसतात.

हे अंदाजपत्रक घेऊन गट जानेवारीत एका कंपनीच्या सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागाकडे गेला. त्यांच्याकडे वर्षअखेरची शिल्लक होती आणि ते अडीच लाख द्यायला तयार होते, अट एकच की ३१ मार्चच्या आत काम पूर्ण करून खर्चाचा दाखला द्यायचा. गटाने हे पैसे घेतले नाहीत. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो बरोबर होता. दहा आठवड्यांत भिंत रंगली असती, पण ती कुणाची झाली नसती. मुलांबरोबरच्या कार्यशाळा, वस्तीतल्या बैठका, पाण्याच्या खुणांची पडताळणी, यांतलं काहीच बसलं नसतं. असे मार्चचे पैसे घेतलेल्या भिंती शहरात पुष्कळ दिसतात: एक झाड, एक पृथ्वी, दोन हात, खाली घोषवाक्य. शेजारी राहणाऱ्याला त्यात स्वतःचं काही सापडत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच भिंतीखाली राडारोड्याचा ढीग पडतो.

मार्चची घाई का असते हे समजून घेतलं की वाटाघाट सोपी जाते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ती त्या वर्षात खर्च झाली नाही, तर चालू प्रकल्पाची असल्यास वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, नसल्यास कायद्याने ठरवलेल्या निधीत भरावी लागते. म्हणून फेब्रुवारीत फोन येतात. ज्याला लोकांबरोबर काम करायचं आहे त्याने मे-जूनमध्येच दार ठोठवावं. तेव्हा वर्षाचं नियोजन चालू असतं आणि सहा-आठ महिन्यांचं वेळापत्रक मान्य होऊ शकतं.

पाच लाख चार हजार कसे झाले

दुसऱ्या वेळी गटाने पावसाळ्याच्या तोंडावर बसून सगळं पुन्हा लिहिलं. उद्घाटनाचे दहा हजार काढले. भिंत, रंग आणि चित्रकार यांचे दोन लाख तसेच राहिले. त्यात दोन मदतनिसांचे १४ दिवस, रोज १,२०० प्रमाणे ३३,६०० आले. पाच कार्यशाळांना साहित्य, खाऊ आणि मार्गदर्शकांसह ४०,०००. ओढ्याकाठची पायपीट, जुनी छायाचित्रं जमवणं आणि नोंदी ठेवणं यांना १५,०००. उभं राहून रंगवायचे घोडे, रस्त्यावरचे अडथळे, दिवे यांना १४,०००, अपघात विम्याला ५,०००. पूररेषेची खूण आणि माहितीफलक १८,०००. सहा महिन्यांसाठी अर्धवेळ समन्वयक, महिना दहा हजारांप्रमाणे ६०,०००. आधी-नंतरची निरीक्षणं १०,०००. तीन वर्षांची देखभाल ३६,०००.

यात एक ओळ अशी आहे जी बाकीच्या अंदाजपत्रकांत दिसत नाही: कचरावेचक ताईंचा बुडालेला रोज. त्या भागातला कचरा गोळा करणाऱ्या तिघींना सहा बैठकांना बोलवायचं होतं. ओढ्यात काय, कुठून, कोणत्या वेळी पडतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. पण बैठकीला आल्या तर दिवस बुडतो. माणशी ७०० प्रमाणे १२,६०० रुपये त्यासाठी धरले. चित्रकाराला मानधन आणि त्यांना फक्त चहा, हे योग्य नाही.

इथवर बेरीज ४,४४,२०० होते. किरकोळ आणि अनपेक्षित खर्चाला ३५,८०० धरले, म्हणजे ४,८०,०००. ज्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यातून व्यवहार होणार त्याला हिशेब, लेखापरीक्षण आणि कागदपत्रांसाठी ५ टक्के, २४,०००. एकूण ५,०४,०००.

रक्कम अडीच पटींच्या जवळ गेली तर देणारा घाबरेल, ही भीती गटात होती. उलट झालं. पहिल्या कागदावरून कंपनीला कळत नव्हतं की रंगामुळे जागृती होईल कशी. दुसऱ्यात ते दिसत होतं.

समन्वयकाच्या पगाराबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, तो इथे दूर करणं गरजेचं. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून कंपनीचे अधिकारी असे साठ हजार खोडतात. नियमांतली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात मोजलाच जात नाही. समन्वयक हा अंमलबजावणीचा खर्च आहे. अर्जात 'पगार' असा एकच शब्द न लिहिता तो कोणत्या कार्यशाळा, कोणत्या परवानग्या, कोणत्या नोंदी करणार हे लिहिलं, आणि ओळ टिकली.

पैसा कुठून, कोणत्या अटीवर

गटाची नोंदणी नव्हती. कंपनीचे पैसे घेणाऱ्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या करसवलतीच्या नोंदण्या, कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक आणि किमान तीन वर्षांचं काम लागतं. सहा महिन्यांच्या कामासाठी नवी संस्था काढण्यात अर्थ नाही. शेजारच्या भागात पर्यावरण शिक्षणाचं काम करणाऱ्या एका न्यासाशी दोन पानांचा करार केला: पैसे त्यांच्या खात्यात, निर्णय पाच जणांच्या समितीचे, दोन सह्यांशिवाय एकही रुपया बाहेर नाही.

अर्ज कोणत्या शीर्षाखाली करायचा यावर महिना गेला. पहिल्यांदा तो 'कला व संस्कृती'खाली लिहिला होता. कायद्याच्या सातव्या अनुसूचीतलं ते कलम वारसा आणि पारंपरिक कला यांच्याकडे झुकलेलं आहे. ओढ्याकाठचं नवं चित्र त्यात ओढूनताणून बसवावं लागतं. तोच अर्ज 'पर्यावरण' या शीर्षाखाली, चित्र हे साधन आणि ओढा हा विषय असा लिहिला तेव्हा प्रश्न संपला. कंपनीने ३,२०,००० मंजूर केले: निम्मे करारावर, ४० टक्के आराखडा मान्य झाल्यावर, शेवटचे १० टक्के अहवाल दिल्यावर. शेवटचे ३२,००० उशिरा येणार हे धरूनच चालावं. तेवढी रक्कम हातात नसेल तर मदतनिसांचे पैसे अडकतात.

कंपनीला भिंतीवर सहा फुटी बोधचिन्ह हवं होतं. यात दोन अडचणी होत्या. उत्पादनाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. आणि भिंतीवर मोठं बोधचिन्ह आलं की महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाच्या दृष्टीने ती जाहिरात ठरते. हे दोन्ही नियम कागदावर दाखवले आणि सर्व देणगीदारांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत असलेली बारा इंच बाय आठ इंचांची पट्टी ठरली. स्थानिक पुढाऱ्याच्या 'संकल्पना' फलकाची सूचनाही याच पट्टीच्या नियमाने थांबली. ते नाव आलं असतं तर दर आचारसंहितेला भिंतीवर कागद चिकटवावा लागला असता, आणि वस्तीतली निम्मी माणसं भिंतीपासून दूर राहिली असती.

८५,००० रुपये परिसरातून आले. इथे गटाची सर्वांत मोठी चूक झाली. न्यासाशी करार होण्याआधीच उत्साहाच्या भरात एका सदस्याच्या मोबाइलचा क्यूआर कोड सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरला आणि त्याच्या वैयक्तिक खात्यात २३,००० जमले. माणूस सचोटीचा होता, पण कागदावर तो पैसा त्याचाच. पावती नाही, करसवलत नाही आणि जमवण्याची परवानगीही नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाला गणपतीची वर्गणी काढायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं, हे पुण्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असतं. ओढ्याच्या कामाला वेगळा नियम नाही. सदस्याने प्रत्येकाला रक्कम परत पाठवली आणि देणाऱ्यांनी ती न्यासाच्या खात्यात पुन्हा भरली. दहा दिवस गेले, दोघांनी पुन्हा भरलेच नाहीत. रोखीने दोन हजारांच्या वरची देणगी ८०जी सवलतीला चालत नाही, हेही पावती पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

परदेशातल्या मुलांचे पैसे हा पुण्यातल्या सोसायट्यांत हमखास येणारा प्रश्न. एका काकांचा मुलगा अमेरिकेतून तीनशे डॉलर पाठवणार होता. तो अजून भारतीय पासपोर्टवर असता तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरली नसती. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी कायद्याने तो परदेशी स्रोत, आणि न्यासाकडे परदेशी अभिदायासाठीची एफसीआरए नोंदणी नव्हती. पैसे नाकारले. असे पैसे आई-वडिलांच्या खात्यातून फिरवून आणायचे सल्ले मिळतात. ते घेऊ नयेत, न्यासाची सगळी कामं त्यात धोक्यात येतात.

गणेश मंडळाने २५,००० दिले. त्यांची अट साधी होती: चित्रात विसर्जनाचा हौद आणि निर्माल्य कलश दिसला पाहिजे. तीन सोसायट्यांनी देखभालीचे ३६,००० सर्वसाधारण सभेत ठराव करून दिले. हे पैसे मुद्दाम कंपनीकडे मागितले नाहीत, कारण तीन वर्षं चालणारा खर्च एका वर्षाच्या मंजुरीत बसत नाही, आणि शेजाऱ्यांचे पैसे गुंतले की पापुद्रा सुटल्यावर फोन करणारेही शेजारीच असतात. ३८,००० चं साहित्य एका रंगविक्रेत्याने दिलं. असे हे ५,०४,००० जमले.

महापालिकेकडून रोख काही मागितलं नाही. नागरिकांच्या सूचनांचा अंदाजपत्रकात समावेश करण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे, पण तिच्यातून निविदा काढून होणारी बांधकामाची कामं येतात आणि तीही पुढच्या आर्थिक वर्षात. भिंतीची दुरुस्ती तिथे बसते, कार्यशाळा बसत नाहीत. क्षेत्रीय कार्यालयाकडून मागितलं ते टँकरचं पाणी, अडथळे, झाडोरा काढणं आणि एक पत्र.

पत्रात काय असावं

ना हरकत पत्र मागण्याआधी भिंतीची मालकी ठरवावी लागते. दीडशे फुटांपैकी चाळीस फूट सोसायटीच्या हद्दीत निघाले. तेवढ्यासाठी सोसायटीचा ठराव, उरलेल्यासाठी महापालिकेचं पत्र. यांपैकी एकही नसताना ब्रश लावला तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा लागू होऊ शकतो, हेतू कितीही चांगला असो.

पत्रात एक वाक्य आग्रहाने घालून घेतलं: तीन वर्षं ही भिंत गटाला लेखी कळवल्याशिवाय पुन्हा रंगवली जाणार नाही. स्वच्छ सर्वेक्षणाच्या आधी भिंती रंगवण्याची कंत्राटं निघतात, आणि यादीतली भिंत आधीच रंगलेली आहे हे कंत्राटदाराला कुणी सांगत नाही. पत्राची प्रत आरोग्य निरीक्षकाकडेही दिली. चित्रकाराच्या करारातही हा मुद्दा येतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने कलाकृतीची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला होता. म्हणून करारात लिहिलं की दुरुस्ती आधी त्याच चित्रकाराला विचारून होईल, आणि तीन वर्षांनंतर भिंत पुन्हा रंगवायला त्याची हरकत नसेल. मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवल्याने न्यासाने १० टक्के कर कापला. हे आधी सांगितलं नाही तर शेवटच्या धनादेशावर वाद होतो.

भिंत

संरक्षक भिंतीच्या मागे माती असते आणि मातीत पाणी. ते बाहेर पडावं म्हणून भिंतीत ठेवलेली निचऱ्याची भोकं गाळाने आणि आधीच्या रंगाने बुजली होती. ती सळीने मोकळी केल्यावर दोन दिवस पाणी झिरपत होतं. ओल आहे का हे पाहायची सोपी रीत अशी: दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करायचा आणि दोन दिवसांनी पाहायचं. आतून थेंब दिसले तर थांबायचं. वरच्या भागात कागद कोरडा निघाला. खालच्या दीड-दोन फुटांत थेंब होते आणि पांढरे क्षार फुटलेले होते. अशा जागी कितीही महाग रंग लावला तरी मागून येणारं पाणी त्याला फुगवून पाडतं. खालचे दीड फूट उघडेच ठेवायचं ठरलं, आणि चित्रकाराने आराखडा बदलून ओढ्याचा तळ त्या उघड्या पट्ट्यावर आणला. त्यामुळे रंगवायची जागा १,०५० वरून ८२५ चौरस फुटांवर आली. सुमारे २०० चौरस फूट नवं प्लास्टर झालं. त्यावर रंग चढवण्यापूर्वी २८ दिवस जाऊ दिले. दिवाळीनंतर प्लास्टर, डिसेंबरच्या मध्यात प्रायमर, असं वेळापत्रक त्यावरूनच ठरलं.

रंगाचा हिशेब: गुळगुळीत भिंतीवर बाहेरचा अॅक्रिलिक इमल्शन दोन हातांना लिटरमागे पन्नास चौरस फुटांच्या आसपास जातो, खरबरीत प्लास्टरवर पस्तीसच. ८२५ ला पस्तीसने भागलं तर चोवीस लिटर, थोडा जादा धरून सव्वीस. विक्रेत्याने फुकट दिलेल्या पहिल्या चार बादल्या घरातल्या भिंतीसाठीच्या निघाल्या, दोन मुदतीला आलेल्या. तसला रंग उन्हात वर्षभरात खडूसारखा हाताला येतो. त्या परत करून बाहेरचा रंग घ्यायला आठवडा गेला. वस्तुरूपातली देणगी घेताना प्रकार, छटा, उत्पादन महिना हे मागणीपत्रातच लिहावं. फुकट मिळतंय म्हणून संकोच करू नये.

चित्र कसं ठरलं

पाच कार्यशाळांपैकी दोन शाळेत, दोन वस्तीत, एक ओढ्याकाठी चालता चालता झाली. कात्रजचा पेशवेकालीन तलाव, तिथून शहरात पाणी आणणाऱ्या नळाचे उच्छ्वास (नळावर ठरावीक अंतरावर बांधलेले मनोरे), पर्वतीजवळ ओढ्याचा वळवलेला प्रवाह, हे सगळं मुलांना नवीन होतं आणि तेच चित्राचा कणा झालं. २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं यावर एकमत होईना. मग नियम केला: तीन घरांनी वेगवेगळं विचारल्यावर एकच उंची सांगितली, किंवा छायाचित्रात दिसली, तरच ती धरायची. ती उंची गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने भिंतीवर उतरवली. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनी बुडणारी माणसं काढू नका म्हणून सांगितलं. फक्त रेषा आणि तारीख काढली.

कचरावेचक ताईंनी तिसऱ्या बैठकीत सांगितलेली गोष्ट मात्र चित्रात मावणारी नव्हती. घंटागाडी येते तेव्हा वस्तीतल्या बऱ्याच बायका धुण्याभांड्यांच्या कामाला बाहेर पडलेल्या असतात. पिशवी घरात ठेवली तर वास, बाहेर ठेवली तर कुत्री, म्हणून ती पुलावरून ओढ्यात. हे अज्ञान नव्हतं. गटाने समन्वयकाचे दोन आठवडे आरोग्य निरीक्षकाकडे फेऱ्या मारण्यात घातले आणि एका पुलापाशी गाडीची दुसरी वेळ मिळवली. भिंतीवर मासे काढायचे होते त्या जागी तीनही पुलांच्या गाड्यांच्या वेळा आल्या, पुसून बदलता येतील अशा काळ्या पट्टीवर. निरीक्षणांचे दहा हजार इथे कामी आले. तीन पुलांवर चार-चार रविवारी ठरलेल्या तासांत पिशव्या मोजल्या, आधी आणि नंतर. वेळ बदललेल्या पुलापाशी फरक पडला. उरलेल्या दोन पुलांपाशी, चित्र तितकंच जवळ असूनही, पडला नाही. कंपनीच्या अहवालात हे असंच लिहिलं. शेवटचे १० टक्के त्यामुळे अडले नाहीत. अडले ते रंगाच्या एका बिलावर न्यासाऐवजी सदस्याचं नाव होतं म्हणून.

पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये तपासणी झाली. एका निचऱ्याच्या भोकाभोवती तीसेक चौरस फूट रंग सुटला होता. भोक पुन्हा मोकळं करून, पंधरा दिवस सुकू देऊन तेवढाच भाग रंगवला. वर्षाच्या १२,००० पैकी ७,४०० लागले, उरलेले ४,६०० पुढच्या वर्षात ओढले. सतरा छटांचे क्रमांक, बादल्यांवरच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक छटेचं अर्धा लिटर सोसायटीच्या पंपघरात ठेवलं आहे. किल्ली वॉचमनकाकांकडे असते.